वाढ संपल्यावरही उरणारा प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी मुंबईत आला तेव्हा त्याला पाहण्यासाठी वानखेडे स्टेडियमवर चाहत्यांची झुंबड उडाली. रोझारियो शहरातल्या या मुलाला बालपणी वृद्धी संप्रेरकाची, म्हणजेच ग्रोथ हार्मोनची कमतरता होती. इंजेक्शनांचा खर्च कुटुंबाला पेलवेना, तो पुढे बार्सिलोना क्लबने उचलला आणि त्या मुलाने इतिहास घडविला, ही कथा आता सर्वश्रुत आहे. मात्र तिच्यामुळे एक समज पक्का झाला आहे. हे संप्रेरक म्हणजे उंची, आणि उंचीचा प्रश्न म्हणजे लहान मुलांचा प्रश्न, असे आपण गृहीत धरून चालतो. वाढ पूर्ण झाली की या संप्रेरकाचे काम संपले, असा त्याचा अर्थ होतो. वैद्यकशास्त्राने हा समज साडेतीन दशकांपूर्वीच मोडीत काढला आहे. मुंबईच्या उपनगरांतील दवाखान्यांपर्यंत मात्र ही गोष्ट अर्धवटच पोहोचली आहे.

अर्धवट पोहोचण्याचे परिणाम दुहेरी आहेत. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक खरोखरच तयार होत नाही, अशा प्रौढांची तपासणीच होत नाही. थकवा, वाढलेले पोट आणि खिन्नता यांची कारणे वयात, कामात किंवा लोकलच्या प्रवासात शोधली जातात. दुसरीकडे, ज्यांना कोणतीही कमतरता नाही अशा चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना ‘तारुण्य टिकविण्या’च्या नावाखाली हेच इंजेक्शन सुचविले जाते. पहिल्या गटाला औषध मिळत नाही आणि दुसऱ्याला ते नको असताना मिळते. या दोन गटांमधील सीमारेषा एकच आहे, ती म्हणजे शास्त्रशुद्ध निदान. म्हणूनच हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या परिषदेपुरता राहत नाही.

इतिहासाने घातलेली मर्यादा

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिलाच आपण पिट्युइटरी म्हणतो. थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी, अंडाशय व वृषण यांच्या कामावर तिचे नियंत्रण चालते. वृद्धी संप्रेरकही तिथेच तयार होते. बालपणी ते हाडांची लांबी वाढविते. प्रौढपणी ते चरबीचे ज्वलन, स्नायूंचे प्रमाण, हाडांची घनता आणि रक्तातील मेद यांवर प्रभाव ठेवते.

प्रौढांच्या वाट्याला हा उपचार उशिरा आला, याला ऐतिहासिक कारण आहे. १९५८ पासून हे औषध मृत माणसांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जात असे. साठा इतका तुटपुंजा होता की तो फक्त खुंटलेल्या मुलांसाठी राखून ठेवणे भाग होते. १९८५ मध्ये अशी इंजेक्शने घेतलेल्या काही तरुणांना मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्झफेल्ड-जेकब रोग झाल्याचे उघडकीस आले आणि मानवी ग्रंथींपासून केलेले औषध अमेरिकेसह अनेक देशांत बंद झाले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनविलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. साठ्याची अडचण संपल्यावर १९८९ मध्ये प्रौढांवरील पहिल्या नियंत्रित चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि १९९६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने प्रौढांतील कमतरतेसाठी या औषधाला परवानगी दिली. आज साठीत असलेल्या अनेक डॉक्टरांचे शिक्षण त्याआधी झालेले आहे, ही बाबही ध्यानात घ्यावयास हवी.

रुग्ण कोठून येतात?

प्रौढपणी ही कमतरता आपोआप उद्भवत नाही. तिच्यामागे बहुधा काहीतरी घडलेले असते. पीयूषिकेची गाठ, त्या गाठीवरील शस्त्रक्रिया किंवा डोक्याला दिलेला किरणोपचार ही जगभर आढळणारी प्रमुख कारणे आहेत. किरणोपचारात पीयूषिकेच्या संप्रेरकांपैकी सर्वसाधारणपणे सर्वात आधी वृद्धी संप्रेरकच घटते आणि हा परिणाम काही वर्षांनी दिसू लागतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे स्वतंत्र केंद्र १९९१ पासून चालते, ते अशाच उशिरा उमटणाऱ्या परिणामांसाठी. या मुलांना पुढे प्रौढ म्हणूनही तपासत राहणे आवश्यक असते.

मुंबईत मात्र या यादीत आणखी काही कारणांची भर पडते. त्यातील पहिले आहे डोक्याला झालेली इजा. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा मार्गावर गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी रुळांवर कोसळले, तेव्हा काही काळ या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले. मृतांची निदान गणना होते. जे वाचतात त्यांच्या पुढील आयुष्याची नोंद कोणी ठेवत नाही. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अशा जखमींचे प्राण वाचविते, टाके निघतात, हाड जुळते आणि रुग्ण घरी जातो. पण डोके जोरात आपटले असता पीयूषिकेला रक्त पुरविणाऱ्या नाजूक वाहिन्या दुखावलेल्या असू शकतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात पीयूषिकेच्या एखाद्या तरी संप्रेरकाची उणीव आढळली होती. नंतरच्या अभ्यासांतील आकडे कमी-अधिक आहेत. त्या तफावतीचे मोठे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे, त्याचा विचार पुढे करू.

दुसरे कारण बाळंतपणातील अतिरक्तस्रावाचे. गरोदरपणी पीयूषिका आकाराने वाढलेली असते. बाळंतपणात फार रक्त गेले की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. शीहान सिंड्रोम या नावाने हा विकार ओळखला जातो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ झाला, आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मूल झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांत त्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असल्याचा अंदाज मांडण्यात आला. बाळंतपणानंतर दूधच न येणे, पाळी पुन्हा सुरू न होणे, काखेतील केस गळणे आणि कायमचा अशक्तपणा ही त्याची खूण. या स्त्रियांपैकी बहुतेकींमध्ये वृद्धी संप्रेरकाचीही उणीव असते. गावाकडे घरीच बाळंत झालेली आणि मग भांडुप-घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत संसार थाटलेली स्त्री दहा-पंधरा वर्षे लोहाच्या गोळ्यांवर काढते, असे घडू शकते. तिच्या पहिल्या बाळंतपणाची चौकशी कोणी केलेली नसते.

तिसरे कारण घोणसाच्या दंशाचे. घोणसाच्या विषाने रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तस्राव एकाच वेळी होऊन पीयूषिका निकामी होऊ शकते. ब्रह्मदेशातील रुग्णांवरील असे निरीक्षण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दक्षिण भारतातूनही तशा नोंदी आल्या. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी विंचूदंश व सर्पदंशावरील उपचारांसाठी आयुष्य वेचल्यामुळे कोकणात अनेकांचे प्राण वाचले. कोकणाशी घट्ट नाते असलेल्या उपनगरांत अशी वाचलेली माणसे असणारच, आणि बोरिवली व मुलुंडच्या मध्ये पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेलाही घोणस आढळतोच. दंशानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आलेल्या थकव्याचा संबंध त्या दंशाशी जोडण्यास मात्र वैद्याच्या मनात तशी शंका यावी लागते.

एका चाचणीने भागत नाही

अडचण इथून पुढे सुरू होते. मधुमेहासाठी रक्तातील साखर मोजावी तसे हे संप्रेरक कधीही मोजून चालत नाही. पीयूषिका ते झटक्याझटक्याने सोडते, त्यातील मोठा भाग रात्रीच्या गाढ झोपेत. दिवसा सकाळी दहा वाजता पूर्ण निरोगी माणसाचे रक्त घेतले तरी त्यात ते जवळपास शून्य सापडू शकते. म्हणून कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तातील वृद्धी संप्रेरकाच्या आकड्याला प्रौढांतील कमतरतेच्या निदानात काहीही किंमत नाही. हे वाक्य उपनगरातील प्रत्येक पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या दारावर लावण्याच्या योग्यतेचे आहे.

त्याऐवजी आयजीएफ-१ नावाचे द्रव्य मोजतात. वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाने ते मुख्यतः यकृतात बनते आणि दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहते. परंतु तेही पूर्ण विश्वासाचे नाही. कुपोषण, यकृताचे विकार, आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह, थायरॉइडची उणीव किंवा तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यांमुळे ते कमी दिसते. उलट खरी कमतरता असलेल्या अनेक प्रौढांत ते सामान्य मर्यादेत आढळते. म्हणजे एकट्या आयजीएफ-१ वरून ना हो म्हणता येते, ना नाही.

म्हणून पीयूषिकेला मुद्दाम डिवचून ती प्रतिसाद देते का हे पाहावे लागते. यातील सर्वमान्य चाचणी इन्सुलिनची. उपाशीपोटी शिरेतून इन्सुलिन देऊन रक्तातील साखर दर डेसिलीटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली उतरविली जाते. घाम फुटतो, छाती धडधडते आणि त्या ताणाखाली पीयूषिकेने संप्रेरक सोडावे अशी अपेक्षा असते. दोन तासांत ठरावीक अंतराने रक्त घेतात. सर्वाधिक पातळी युरोपीय निकषानुसार लिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा किंवा अमेरिकी निकषानुसार ५ पेक्षा कमी राहिली तर तीव्र कमतरता मानली जाते. ही चाचणी डॉक्टर शेजारी उभे असतानाच करावयाची असते. हृदयविकार, फेफरे किंवा उतारवय असेल तर ती वर्ज्य. डोक्याच्या दुखापतीनंतर फेफरे येणाऱ्यांची संख्या थोडी नसते, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईतील नेमक्या गरजू रुग्णाला ही चाचणी का करता येत नाही ते कळते.

अशांसाठी ग्लुकागॉनचे इंजेक्शन देऊन तीन ते चार तास रक्ताचे नमुने घेण्याची पद्धत आहे. तिच्यात मळमळ होते, परंतु धोका कमी. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेने मॅसिमोरेलिन हे तोंडाने घेण्याचे चाचणी-औषधही मान्य केले, पण त्याने जगभरची अडचण सुटली असे म्हणता येत नाही. मुलांसाठी वापरली जाणारी क्लोनिडीनची चाचणी प्रौढांत उपयोगाची नाही. तरीही बालरोग विभागातील सवय प्रौढांच्या तपासणीत डोकावण्याचा धोका राहतोच.

यात सर्वात कळीचा मुद्दा वजनाचा आहे. लठ्ठपणात, विशेषतः पोटाचा घेर वाढला असता, निरोगी पीयूषिकाही डिवचल्यावर कमी संप्रेरक सोडते. म्हणून ग्लुकागॉनच्या चाचणीत जाड व्यक्तीसाठी निकष ३ वरून १ मायक्रोग्रॅमवर आणावा, असे २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत सुचविले आहे. हे न करता तपासले तर पोट सुटलेला प्रत्येक तिसरा-चौथा माणूस ‘कमतरतेचा रुग्ण’ ठरण्याची भीती आहे. भारतीय शरीरात पाश्चात्त्यांच्या तुलनेने कमी वजनातच पोटावर चरबी साठते, हे सर्वमान्य आहे. परदेशी देहांवर बेतलेला निकष अंधेरीतील बैठ्या नोकरदारावर जसाच्या तसा लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते. डोक्याच्या इजेनंतरच्या आकड्यांत तफावत का पडते, याचे एक उत्तर येथे सापडते. कोणती चाचणी, कोणता निकष आणि इजेनंतर किती काळाने, यावर रुग्णांची संख्या बदलते. इजेनंतर पहिल्या वर्षात पीयूषिका सावरूही शकते, म्हणून वृद्धी संप्रेरकाची तपासणी वर्षभराने करावी असे तज्ज्ञ सांगतात.

उलट काही रुग्णांत ही चाचणी करण्याची गरजच नसते. पीयूषिकेची अन्य तीन वा अधिक संप्रेरके नसतील आणि आयजीएफ-१ कमी असेल, तर निदान जवळपास निश्चित असते. जनुकीय दोषाने जन्मतःच कमतरता असणाऱ्यांचेही तसेच. १९९६ मध्ये अशा एका जनुकीय दोषाचा जगातील पहिला शोध भारतीय वंशाच्याच एका कुटुंबातील मुलांत लागला आणि १९९८ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतातील गावांत तोच दोष सापडला. बालपणी कारण न सापडता ‘कमतरता’ ठरविलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. वाढ पूर्ण झाल्यावर औषध किमान महिनाभर थांबवून पुन्हा तपासले तर त्यांतील अनेकांची पीयूषिका नीट काम करीत असते. त्यांना आयुष्यभर इंजेक्शन देणे म्हणजे चूक पुढे चालू ठेवणे होय.

तारुण्याचा बाजार

निदानाच्या या काटेकोरपणाला बगल देऊन एक मोठा बाजार जगभर उभा राहिला आहे. त्याचे मूळ १९९० च्या एका लेखात सापडते. अमेरिकेतील डॉ. डॅनियल रडमन यांनी ६१ ते ८१ वर्षांच्या १२ पुरुषांना सहा महिने हे संप्रेरक दिले. त्यांचे स्नायूंसह मेदविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले आणि चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. अभ्यास छोटा होता आणि त्या पुरुषांची ताकद किंवा आयुष्य वाढले असा निष्कर्ष त्यात नव्हता. पण जाहिरातदारांना तेवढे पुरेसे होते. वयानुसार या संप्रेरकाचे प्रमाण प्रत्येकातच घटते. ही घट म्हणजे रोग नव्हे. अमेरिकेने तर मान्यताप्राप्त कारणांखेरीज या औषधाच्या वितरणावर १९९० च्या कायद्यानेच बंदी घातली. खेळाडूंसाठी ते निषिद्ध आहे आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून त्याची तपासणीही होते.

शरीर कमावण्याची ईर्षा आणि पडद्यावर झळकण्याची आस जेथे एकत्र नांदते त्या पश्चिम उपनगरांना हा मोह नवा नाही. परंतु याची किंमत नुसती पैशात मोजायची नसते. गरज नसताना घेतलेल्या या संप्रेरकाने अंगावर सूज येते, सांधे दुखतात, मनगटातील नस दबते आणि रक्तातील साखर वाढते. मधुमेहाने आधीच ग्रासलेल्या शहरात ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. सक्रिय कर्करोग असलेल्यांना तर हे औषध देऊच नये असा नियम आहे.

खऱ्या रुग्णालाही या औषधाने चमत्कार घडत नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तीस ते साठ वयोगटात दिवसाला ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेने सुरुवात करतात. चरबी घटते, हाडे सावरतात, अनेकांना उत्साह परत आल्याचे जाणवते, काहींना फारसा फरक पडत नाही. त्याआधी कॉर्टिसॉल आणि थायरॉइड यांची उणीव भरून काढणे अनिवार्य असते. किंबहुना पीयूषिकेच्या तपासणीचा सर्वात मोठा लाभ हाच आहे. वृद्धी संप्रेरकाच्या अभावी कोणी लगेच दगावत नाही, कॉर्टिसॉलच्या अभावी साध्या तापातही माणूस जाऊ शकतो. एका संप्रेरकाच्या शोधात निघालेला वैद्य अनेकदा दुसऱ्या संप्रेरकाची जीवघेणी उणीव पकडतो.

परळपर्यंतचे अंतर

केंद्राच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात वृद्धी संप्रेरकाच्या उपचाराचा दुसऱ्या गटात समावेश आहे आणि परळचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. २०२२ पासून अशा केंद्रांमार्फत रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. परंतु धोरणातील शब्द नीट वाचावे लागतात. मदत ‘सिद्ध झालेल्या’ कमतरतेसाठी आहे. सिद्ध कोणी करायची, कोठे आणि कशी, हा प्रश्न तेथेच येऊन थांबतो.

डोक्याला मार बसलेल्या बोरिवलीच्या कामगाराला या चाचणीसाठी उपाशीपोटी, सकाळच्या गर्दीत परळ गाठावे लागावे, चार तास बसून राहावे आणि त्या दिवसाची रोजी बुडवावी, ही अपेक्षा फार झाली. खासगी रुग्णालयांत सोय आहे, पण ती ज्याला परवडते त्याच्यासाठी. दोन कोटींच्या घरात गेलेल्या महानगरात हे काम एक-दोन मोठ्या विभागांवर सोडून देणे न्यायाचे नाही.

उपाय अवघड आहेत असे नाही. महापालिकेच्या उपनगरी रुग्णालयांतून डोक्याच्या गंभीर इजेनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर एक वर्षाने तपासणीची तारीख लिहिली जावी. सकाळचे कॉर्टिसॉल, थायरॉइडची तपासणी आणि आयजीएफ-१ एवढ्या तीन गोष्टी उपनगरातच करता येतील. ज्यांच्यात शंका उरेल तेवढ्यांनाच पुढे धाडावे. प्रसूतिगृहांतून अतिरक्तस्राव झालेल्या प्रत्येक मातेला दूध आले का, पाळी परत आली का, हे सहा महिन्यांनी विचारले जावे. याला यंत्र लागत नाही, आशा सेविकेची एक भेट पुरते. ग्लुकागॉनची चाचणी उपनगरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस झाली, तरी परळचा भार हलका होईल. आणि चाचणीच्या नोंदीशिवाय लिहिलेल्या या औषधाच्या चिठ्ठीकडे अन्न व औषध प्रशासनाने संशयाने पाहावे.

वाचकांनीही एक विवेक बाळगावा. थकवा आला म्हणून हे संप्रेरक मोजून घेऊ नये, कारण थकव्याची शेकडो साधी कारणे आहेत आणि त्या एका आकड्याला अर्थ नाही. पण पीयूषिकेचे ऑपरेशन, डोक्याला किरणोपचार, बेशुद्ध करणारी इजा, बाळंतपणातील भयंकर रक्तस्राव किंवा घोणसाचा दंश यांपैकी काही आपल्या इतिहासात असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे. निदानाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते. ती त्या जुन्या हकिगतीत असते, आणि ती सांगणारा माणूस बहुधा वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याची वाट पाहत असतो.